अहवालात नसलेला पावसाळा

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेदहाला मुंबईहून माझ्या दिरांचा फोन आला. "वैनी, आपल्या सड्याची जाहिरात पेपरात इली हा." सडा म्हणजे आमचं जांभ्याच्या कातळाचं पठार. कसली जाहिरात, म्हणून विचारलं, तर त्यांनी फोटोच पाठवला. आतल्या पानावर बारीक अक्षरांत आमच्या गावाचं नाव, बॉक्साइटची खाण, ४२ हेक्टर, आणि वर ठळक अक्षरांत 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी'. तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. ऐन आंब्याच्या हंगामातली. त्या दिवसांत आमच्याकडे माणूस पेट्या भरण्यातून जेवायला उठत नाही.

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, ही माझी दुसरी टर्म. सकाळी पंचायतीत गेले तर तेच पत्र टपालाच्या फाइलीत सापडलं. कोणी दडवलं नव्हतं, कोणी वाचलंही नव्हतं. सुनावणी म्हणजे कोर्टातलं काहीतरी, आपला काय संबंध, असंच सगळ्यांना वाटलं होतं. मलाही तोवर तसंच वाटत होतं.

माझा मामेभाऊ तालुक्याला वकिली करतो. त्याने १४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना छापून हातात ठेवली आणि म्हणाला, "परिशिष्ट चार पाठ कर. बाकी मी समजावतो." तीन संध्याकाळी त्याच्या ऑफिसात बसून मला जे कळलं ते असं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल अशी पहिली अधिसूचना १९९४ साली निघाली, जनसुनावणी त्यात १९९७ साली आली, आणि आता चालते ती २००६ ची. मोठे प्रकल्प दिल्लीला जातात, त्याहून लहान असतात ते राज्याच्या समितीपुढे. आमची खाण राज्याकडे होती. कंपनी आधी अर्ज करते, समिती तिला अभ्यास कशाकशाचा करायचा ते लिहून देते, मग कंपनीने नेमलेला सल्लागार तो अभ्यास करून अहवालाचा मसुदा तयार करतो. तो मसुदा लोकांपुढे ठेवायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं, त्याची उत्तरं घालून अंतिम अहवाल करायचा, आणि मग समिती सगळं पाहून शिफारस करणार. अहवाल लिहिणाऱ्याचा पगार ज्याला खाण हवी तोच देतो, हे ऐकून मी भावाला दोनदा विचारलं, खरंच का? तो म्हणाला, खरंच. म्हणून तर सुनावणी महत्त्वाची. त्या सगळ्या साखळीत कंपनीच्या पैशाने न बोलणारी माणसं तेवढ्या एका दिवशी बोलतात.

जाहिरात आणि सुनावणी यांच्यात निदान ३० दिवस असावे लागतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. २०२० साली नव्या अधिसूचनेचा मसुदा आला होता, त्यात ही मुदत २० दिवसांवर आणायचं घाटत होतं. आमचे पहिले १२ दिवस तर अहवाल हातात पडण्यातच गेले. मसुद्याच्या प्रती काही ठरलेल्या सरकारी कार्यालयांत ठेवतात, लोकांनी जाऊन बघाव्यात म्हणून. मी अशाच एका कार्यालयात गेले, एसटीने दीड तास. तिथल्या बाईंनी सांगितलं, साहेब रजेवर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या खेपेला कपाट उघडलं, पण फोटो काढायचा नाही, झेरॉक्स मिळणार नाही, इथेच बसून वाचा. तीनशेहून जास्त पानं, सगळी इंग्रजीत. मराठीत होता तो फक्त सारांश, तो बारा पानांचा. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, आवक क्रमांक टाकून पोच घेतली, आणि भावाने त्यावर एक पत्र धाडलं. त्यानंतर चार दिवसांत पूर्ण प्रत मिळाली. तोंडी भांडून जे होत नाही ते पोच घेतलेल्या अर्जाने होतं, हे मी पंचायतीत शिकले होते, इथे ते उपयोगी पडलं.

गावात इंग्रजी वाचणारी आम्ही पाचजणं. पानं वाटून घेतली. माझ्या मुलीकडे हवा आणि आवाज, भावाकडे खाणीचा आराखडा, माझ्याकडे पाणी आणि झाडंझुडपं. जवळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पूर्वी रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा निघाला होता, हे आम्ही ऐकून होतो. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही असलंच काहीतरी शोधत बसलो. तसं काही सापडलं नाही. अहवाल नीट होता. तक्ते होते, आठवड्यातून दोनदा घेतलेली धुळीची मापं होती, नकाशे होते. तरी वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, आणि काय ते कळेना.

ते कळलं एका रात्री, पेट्या रचून झाल्यावर. तक्त्यांच्या माथ्यावर बारीक अक्षरांत महिने लिहिले होते. प्रत्येक तक्त्यावर तेच. मार्च, एप्रिल, मे.

अख्ख्या अहवालात पावसाळाच नव्हता.

ज्याने आमचा सडा मेमध्ये पाहिला त्याला तिथे काय दिसणार? काळा कातळ, करपलेलं गवत, वर घिरट्या घालणारी एखादी घार. अहवालात तसंच लिहिलं होतं, पडीक खडकाळ जमीन, वनस्पती तुरळक. पण मिरगाचे दोन पाऊस पडले की त्याच कातळाच्या फटीतून दीपकाडी वर येते, पांढरी, वाऱ्यावर हलणारी. ही दीपकाडी कोकणातल्या आणि गोव्यातल्या सड्यांखेरीज कुठे होत नाही. मग गवत, मग खळग्यांत साठलेल्या पाण्यात बेडकं, आणि भादव्यात गेंदाची पांढरी चादर आणि तिच्यात सीतेच्या आसवांचे निळे ठिपके. गुरं तेव्हा सड्यावरच चरतात. पातळ मातीच्या पट्ट्यांत लोक नाचणी लावतात. यातलं एक अक्षरही त्या तीनशे पानांत नव्हतं. खोटं कोणी लिहिलं नव्हतं. चुकीच्या महिन्यात येऊन खरं लिहिलं होतं.

पाण्याचं प्रकरण याहून वाईट. मराठी सारांशात एक रकाना होता, प्रकल्पक्षेत्राजवळचे नैसर्गिक झरे, आणि पुढे एकच शब्द, निरंक. आमच्या खालच्या वाडीतली ३४ घरं झऱ्याचं पाणी पितात. सड्याच्या उताराला, घळीत, जांभा संपून जिथे शेडी माती लागते नेमकं तिथे तो फुटतो. कोकणात विहीर खणणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. खालची शेडी चिकट, ती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते पाणी बाजूने, उतारावर बाहेर येतं. सडा म्हणजे आमची टाकी, फक्त तिला भिंती दिसत नाहीत. बॉक्साइट काढायचं म्हणजे नेमका तोच वरचा थर काढायचा. आणि अहवाल म्हणत होता, खोदकाम भूजल पातळीच्या वरच राहील, सबब पाण्यावर परिणाम नाही. पातळी मोजली होती मेमध्ये, रस्त्याकडेच्या बोअरवेलमध्ये. टाकी रिकामी असताना मोजायची आणि म्हणायचं, वरचा भाग फोडला तरी चालेल, तिथे कुठे पाणी आहे?

झरा आहे हे ठीक, पण दाखवायचं काय? फोटो कुठलाही असू शकतो. तेव्हा सासऱ्यांनी उठून देवाच्या खोलीतल्या फळीवरून एक वही काढून दिली. शाळेची, रेघांची, कव्हर ओलीने फुगलेलं. वाडीला नळ आला २००९ साली, झऱ्यावरून पाइप टाकून, वर २,००० लिटरची टाकी. तिची देखरेख सासऱ्यांकडे. दर महिन्याच्या एक तारखेला टाकी रिकामी करून धुवायची आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवायचा, ही त्यांची पद्धत. निळ्या शाईत, महिन्यापुढे मिनिटं. ऑगस्टला २५, कधी ३०. ऑक्टोबरला पाऊण तास. जानेवारीला दीड-दोन तास. मेला पाच तासांच्या आसपास. दोन ओळींत शाई पसरलेली, एका पानावर कुठल्याशा लग्नाच्या नारळांचा हिशोब. त्यांनी ती कोणाला दाखवण्यासाठी लिहिली नव्हती. मे महिन्यात वाडीत भांडणं होऊ नयेत म्हणून लिहिली होती. मी त्या रात्री अकरा पानं मोबाइलवर काढली आणि माझा हात थरथरत होता.

दोन दिवसांनी ग्रामसभा झाली आणि तिथे मोठाच वाद उठला. निम्मं गाव म्हणत होतं, बहिष्कार घालू, मंडप उभाच राहू द्यायचा नाही. त्यांचा राग मला कळत होता. पण परिशिष्ट चार मी खरंच पाठ केलं होतं. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. दहा माणसं आली तरी ती होते, आणि दहाजणांचं म्हणणं तेच गावाचं म्हणणं म्हणून जातं. आणि दंगा झाला, वातावरण बरोबर नाही असा अहवाल गेला, तर सुनावणी न घेताच पुढे जायची सोयही त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे आपण रागाने जे करणार त्याने आपलीच बोलायची जागा जाणार. मी उभी राहून हे सांगितलं. एक काका ओरडले, "म्हणजे तू कंपनीच्या बाजूची काय गो?" मला रडू आलं, पण मी खाली बसले नाही. शेवटी सासरे उठले, म्हणाले, जाऊया, आणि प्रत्येकाने लिहून न्यायचं. ठराव झाला. मग पंधरा दिवस रात्री शाळेच्या व्हरांड्यात हरकती लिहायचं काम चाललं. एकच मजकूर छापून दोनशे सह्या घेऊ नका, असं भावाने बजावलं होतं, तशी दोनशे पत्रं एकच हरकत म्हणून धरली जातात. ज्याचं जे नुकसान होणार ते त्याने लिहायचं. मोहोरावर धूळ बसली तर काय होतं ते बागायतदाराने, शाळेसमोरून किती डंपर जाणार ते शिक्षकांनी, गुरांचं धनगराने.

सुनावणीच्या दिवशी सकाळी अकराला मंडप भरला होता. व्यासपीठावर जिल्हा प्रशासनाचे अधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर कॅमेरा, एका बाजूला कंपनीची माणसं. पंखे गरम हवा फिरवत होते. कंपनीने वीस मिनिटं पडद्यावर सगळं दाखवलं, रोजगार, झाडं लावणं, आरोग्य शिबिरं. मग लोक बोलायला लागले.

आमच्यातला एक मुलगा खाणीच्या बाजूने बोलला. त्याने कर्ज काढून डंपर घेतलाय. म्हणाला, मुंबईला जाऊन चाळीत दहाजणांत राहण्यापेक्षा मला इथे काम हवंय. काहींनी हुर्यो केली, ती मला आवडली नाही. त्याचंही म्हणणं त्या इतिवृत्तात जायलाच हवं होतं आणि गेलंही. आमच्या गावातून दर घरातला एक मुलगा रात्रीच्या गाडीने जातो, हे त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं.

माझा नंबर सव्वाला लागला. मी तीनच प्रश्न विचारले. माहिती कुठल्या महिन्यांत गोळा केली? झऱ्यापर्यंत कोण गेलं होतं? भूजल पातळी कुठे आणि कधी मोजली? सल्लागार तरुण होता, सभ्यही. म्हणाला, "मॅडम, नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती घ्यायची असते, ती आम्ही घेतली आहे." तो बरोबर होता. पद्धत तीच आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो अशा मुलखाला ही पद्धत कशी लावतात हे मला आजही समजत नाही. पावसाळा वगळून कोकणाचा अभ्यास करणं म्हणजे भरती वगळून समुद्राचा अभ्यास करणं. मी एवढंच म्हटलं आणि वहीच्या प्रती अध्यक्षांपुढे ठेवल्या.

माझ्यानंतर खालच्या वाडीतली आत्ये उठली. सत्तरी ओलांडलेली, माइक हातात कसा धरायचा माहीत नाही. म्हणाली, "साहेबानु, तुमी इलात तो वैशाख. आमचो सडो जितो होता मिरगात. तेवा येवा नि बगा. सडो फोडलात तर झरो आटतलो, मग आमी पाणी खंयसून हाडूचां?" मंडपात क्षणभर पंख्यांचाच आवाज होता.

साडेचारला लोक उठायला लागले. ट्रक भरायचे होते, गुरं बांधायची होती. माइकवरून सांगण्यात आलं, सर्वांचं म्हणणं नोंदवलं आहे, इतिवृत्त तयार करून नंतर पाठवलं जाईल, धन्यवाद. मी अधिसूचनेची घडी केलेली प्रत घेऊन पुढे गेले. त्यात स्पष्ट लिहिलंय, सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची. अध्यक्षांनी प्रत हातात घेतली, चष्मा लावून तो परिच्छेद वाचला, आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. खुर्च्या काढू नका." त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

मग सुरू झालं वाचन. एकेक मुद्दा. आत्येच्या बोलण्याचं झालं होतं, 'काही महिलांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' आत्ये माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "ह्यां माजां?" मी म्हटलं, होय. ती म्हणाली, "मी चिंता खंय केलंय? मी झऱ्याचां सांगलंय." मी हात वर केला. झरा हा शब्द हवा. तो जांभ्याच्या थरातून येतो हे हवं. पावसाळ्यात अभ्यास झालेला नाही हे हवं. २००९ पासूनच्या नोंदींची अकरा पानं सादर केली हे हवं, पानांच्या संख्येसकट. लिहिणाऱ्याने एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, मग खोडलं आणि नव्याने लिहिलं. अशा चौदा दुरुस्त्या झाल्या. बाहेर अंधार पडला, जनरेटर लावला. पावणेआठला सही झाली तेव्हा मंडपात साठेक माणसं उरली होती, बहुतेक बायका.

लोक मला नंतर विचारत, मग काय, आपण नाही म्हटलं ना, संपलं ना? तसं नसतं. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. सगळं गाव नाही म्हणालं तरी मंजुरी मिळू शकते. पण जे इतिवृत्तात लिहिलं गेलं त्याला उत्तर द्यावंच लागतं, कंपनीला आणि समितीलाही. गोव्यात रिवणच्या खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली हेच सांगितलं, लोकांच्या हरकतींचा विचार केला हे समितीच्या कागदावर कारणांसकट दिसलं पाहिजे. आणि गोव्यातलाच मोपाचा विमानतळ तर आमच्यासारख्याच सड्यावर. त्याची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली थांबवून धरली होती, अर्जात आजूबाजूच्या निसर्गाची माहिती नीट दिलेली नव्हती म्हणून. पुढच्या वर्षी अटी घालून ती स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हेही खरं. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जायचं तर मुदत ३० दिवसांची, म्हणून भावाने आधीच कागद लावून ठेवले होते.

सात महिने काहीच हललं नाही. मी दर सोमवारी मुलीच्या लॅपटॉपवर परिवेश, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल, उघडून बघायची. कंपनीने आमच्या मुद्द्यांना दिलेल्या उत्तरांचा तक्ता आला, त्यात बहुतेक ठिकाणी 'नोंद घेतली' एवढंच. झऱ्यासमोर मात्र तेवढं लिहून भागलं नव्हतं. तिथे अर्धं पान होतं, गुळमुळीत, पण अर्धं पान. मग एके दिवशी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त दिसलं. आमच्या फाइलीखाली लिहिलं होतं की जनसुनावणीत उपस्थित झालेला मुद्दा लक्षात घेता प्रकल्पक्षेत्राच्या उतारावरील सर्व झऱ्यांची यादी करावी, एका पूर्ण पावसाळ्याचा भूजल अभ्यास करावा, सड्यावरील वनस्पतींची पाहणी पावसाळ्यात करावी, आणि तोवर प्रस्ताव पुढे ढकलण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचलं. मग सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वही परत फळीवर ठेव, ओल लागात."

खाण रद्द झालेली नाही. फाइल अजून जिवंत आहे, आणि त्या डंपरवाल्या मुलाचं कर्जही.

या जुलैत अभ्यासाची माणसं आली. दोघं, रेनकोट घालून, गमबूट चिखलाने जड झालेले. आत्ये पुढे, डोक्यावर इरलं, हातात काठी, मी मागे. घळीत उतरताना त्यातला एक दोनदा घसरला. झरा पांढरा फुटला होता, बोललेलं ऐकू येईना. त्यांनी प्रवाहात मध्ये त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवला, बाजूने चिखल थापला, पाणी खाचेतून पडायला लागल्यावर पट्टी लावून उंची मोजली आणि पाण्यात भिजू नये म्हणून पोटाशी धरलेल्या फॉर्मवर आकडा लिहिला. आत्येने काठी टेकून वाकून पाहिलं.

"लिवलंस?"

तो म्हणाला, लिहिलं आजी.

"मग वाचून दाखव," आत्ये म्हणाली, आणि पाण्याच्या आवाजात तो मोठ्याने आकडा वाचायला लागला.